पंख्यातला झेंडू

ऐन उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीच्या एसीचा वारा बंद पडला. सर्व्हिस सेंटरमधल्या साहेबांनी काहीही न उघडता सांगितलं, "मोटर गेली, नवी टाका." न बघता? माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले सलीमभाई मात्र डॅशबोर्डखाली आडवे झाले. त्यांनी पंखा उतरवला आणि माझ्या ओंजळीत वाळक्या झेंडूच्या पाकळ्या ओतल्या. "मोटर ठणठणीत आहे, ताई. ह्यात अडकली होती."

दसऱ्याचा हार समोरच्या काचेखालच्या, हवा आत घेणाऱ्या जाळीवर मीच ठेवला होता, सुकून झडेपर्यंत तसाच. साहेबांसाठी जपून ठेवलेल्या शिव्या घशातच राहिल्या. आम्ही गाडीला कुंकू लावतो, नारळ फोडतो. आत मात्र आम्हीही वर्षभर डोकावत नाही. पंखा फिरला. गार वाऱ्याला झेंडूचा वास होता, आणि मला मेलं आणखीच उकडत होतं.