बाविसावा किरण

पीरोजच्या दुकानातली कापडांची मांडणी पाहून नवीन गिऱ्हाईक हमखास हसायचं. लाल कापडाशेजारी जांभळं, त्याच्यापलीकडे पांढरं, मग तपकिरी, आणि हिरवं पार दाराशी, जिथं ऊन लागून त्याचा रंग उडायचा. पिवळं तर फळीवर नसायचंच. ते खालच्या पेटीत.

"रंगांची आपसांत भांडणं झालीत का गं?" असं कुणी विचारलं की पीरोज म्हणायची, "शेजारी ठेवले की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो."

महाबादच्या बायकांना एवढं उत्तर पुरायचं. त्या समजायच्या, आणि हातातल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत दुसऱ्या विषयावर जायच्या.

ही सवय तिला कुणी शिकवली नव्हती. दुकान नवं होतं तेव्हा एकदा दोन पुरुष आत आले. बायकांच्या कपड्यांच्या दुकानात पुरुष येतात ते बायकोबरोबर. हे दोघंच होते. त्यांनी फळीकडे पाहिलं. लाल, पांढरं, हिरवं अशा तीन गुंडाळ्या एकावर एक होत्या आणि मधल्या पांढऱ्यावर पिवळ्या दोऱ्याचं रीळ विसरून राहिलं होतं. "छान लावलंय," त्यातला एक म्हणाला. दुसरा हसला. दोघं निघून गेले, पुन्हा कधी आले नाहीत, काहीही झालं नाही. पण त्यानंतर ते रंग पीरोजनं पुन्हा शेजारी ठेवले नाहीत. संसार झाला, मुलगी झाली, मुलगी मास्तरीण झाली, तरी दुकानाचं कुलूप लावून चार घरं पुढं गेलेली पीरोज परत यायची आणि काचेतून फळीकडे एकदा बघून घ्यायची.

मुलीचं नाव चनूर. डोंगराकडच्या एका गावात शाळेत शिकवायची, सध्या कंत्राटावर. सकाळी जीप निघाली की पीरोजचा फोन, पोचल्यावर फोन, सुटल्यावर फोन. "दाये, मी पंचवीस पोरं सांभाळते. तू मला एकटीला सांभाळतेस आणि दमतेस जास्त," चनूर म्हणायची. दाये म्हणजे आई. तो शब्द ती लाडात आली की लांबवायची, चिडली की तोडायची.

आणि पीरोजच्या काळजीला कारण नव्हतं असंही नाही. गेल्या पानगळीत सरहद्दीपलीकडे, हेवलेरच्या बाजूला राहणाऱ्या आपल्याच लोकांचं, वेगळ्या राज्यासाठी मतदान झालं. इकडे मत कुणाला नव्हतं, पण लोक रस्त्यावर आले, गाड्यांचे भोंगे वाजवले, नाचले. चनूरही नाचली. हातात त्या बंदी असलेल्या झेंड्याचा रुमाल: लाल, पांढरा, हिरवा, मधे सूर्य. कुणीतरी चित्रण केलं. आठ दिवसांनी चौकशीचं बोलावणं आलं. एक अख्खा दिवस ती त्या इमारतीत होती आणि पीरोज समोरच्या पाववाल्याच्या पायरीवर. संध्याकाळी चनूर बाहेर आली ती सही करून: अशी खूण पुन्हा अंगावर, हातात, घरावर दिसणार नाही. दिसली तर नोकरी तर जाईलच, आणि पुढचं सांगणाऱ्यानं शब्दांत सांगितलं नाही. दाराच्या कुलपाकडे बोट दाखवलं.

आता उन्हाळ्यात चनूरला कायम करण्याची मुलाखत होती. तिच्या आधीच्याच आठवड्यात कजालचं लग्न. कजाल चनूरची शाळेपासूनची वर्गमैत्रीण. सगळ्या मैत्रिणींचे कपडे अर्थातच पीरोजकडे.

आमच्याकडचा बायकांचा पोशाख दोन थरांचा. वरून टिकल्यांची झिरझिरीत जाळी, पायघोळ. आतून साटिनचं अस्तर. जाळी कसलीही असो, दिसतो तो अस्तराचा रंग. तिरफे, शहेन आणि रूनाक या तिघी वेगवेगळ्या दिवशी आल्या, वेगवेगळ्या जाळ्या देऊन गेल्या आणि "अस्तर नंतर पाठवते" म्हणाल्या. तिघींची अस्तरं आली तीही वेगवेगळ्या दिवशी. पीरोजनं शिवली, इस्त्री केली, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी तिन्ही झगे ओळीनं खुंट्यांना लावले.

लाल. पांढरा. हिरवा.

तिनं आधी दार लावून घेतलं. मग हिरवा झगा काढून खुर्चीवर टाकला. मग स्वतःलाच म्हणाली, अगं, पोरींना रंग आवडतात, लग्न आहे, सुतक नाही. तेवढ्यात तिला चनूरचा झगा आठवला. पिवळा. त्याच्या छातीवरचं टिकल्यांचं काम चनूरनं हट्टानं स्वतः केलं होतं, "तुझे डोळे दुखतात, दाये, राहू दे" असं म्हणून. पीरोजनं पेटी उघडून तो झगा मांडीवर पसरला. मधोमध सोनेरी गोल, भोवती किरण. तिनं नखानं एकेक किरण दाबत मोजले. पुन्हा मोजले. एकवीस.

संध्याकाळी दुकानात तिरफे झगा अंगाला लावून बघायला आली, चनूर तिच्याबरोबर. कोपऱ्यात पूरे अस्मर चहा पीत बसली होती. पूरे म्हणजे मावशी. ही पीरोजच्या आईची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरातली, साखरेचा खडा दातांत धरून बशीनं चहा ओढणारी.

"हे काय आहे?" पीरोजनं पिवळा झगा वर धरला.

"सूर्यफूल," चनूर म्हणाली.

"एकवीस पाकळ्यांचं?"

"असतात गं. निसर्ग आहे."

"निसर्गाला अक्कल असते. तुम्हाला नाही. आणि ही लाल, ती पांढरी, ती हिरवी, हा पण निसर्गच का?"

तिरफे आरशात बघत म्हणाली, "पूरे पीरोज, हे तर सरकारचेच रंग. हिरवा, पांढरा, लाल. आम्ही किती देशभक्त पोरी!"

"त्यांचा हिरवा वर असतो," कोपऱ्यातून पूरे अस्मर म्हणाली. "आपला लाल वर."

"तुम्ही गप्प बसा, पूरे."

"का? मी सही नाही केलेली कुठं." म्हातारीनं साखरेचा खडा गालात सरकवला. "आणि हा कसला झेंडा? गव्हाच्या ओंब्या कुठायत?"

"कसल्या ओंब्या?" तिरफेनं विचारलं.

"आमच्या वेळच्या झेंड्यात सूर्याच्या दोन्ही बाजूंना ओंब्या होत्या. मागं लेखणी. चौकात फडकला तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होते. मी विचारलं, सूर्याला दाढी का आलीय? तर बापानं मांडीला चिमटा काढला."

तिरफे खो खो हसली. "आता नसतात ओंब्या, पूरे. हेवलेरच्या सभागृहानं ठरवलं, नुसता सूर्य, एकवीस किरण. एकविसाव्या तारखेला नवरोझ, म्हणून एकवीस. लाल म्हणजे सांडलेलं रक्त, पांढरा शांततेचा, हिरवा आपल्या डोंगरांचा, आणि सूर्य..."

"सूर्य म्हणजे काय ते मला नको सांगूस," म्हातारी म्हणाली. तिनं बशी खाली ठेवली. "एका वर्षात आपलं राज्य आटोपलं. सरकारची फौज परत आली तेव्हा आमच्या घरात झेंडा होता. माझ्या आईनंच शिवलेला. लोक चुलीत घालत होते. आईनं घातला नाही. तिनं उसवला. लाल पट्टी थोरल्या मावशीच्या रजईला लागली, हिरवी धाकटीच्या उशीला, पांढऱ्यात माझा भाऊ गुंडाळला, जन्मला तेव्हा. तीन घरांत तीन कापडं. झेंडा कुठल्याच घरात नाही."

"आणि सूर्य?" चनूरनं हळूच विचारलं.

"तो मात्र चुलीत गेला. त्याचं दुसरं काही करता येईना."

तिरफेनं लाल झगा उगाच झटकला. पीरोजला म्हातारीची गोष्ट ठाऊक होती, लहानपणापासून. पण आज त्या गोष्टीतला सूर्य तिच्या मांडीवर होता आणि तो तिच्या पोरीच्या छातीवर जाणार होता.

"मी हे अस्तर काढते," ती म्हणाली. "निळं लावते."

"दाये, नको ना."

"मग एक किरण वाढवते. एकवीस म्हणजे झेंडा. बावीस म्हणजे सूर्यफूल."

"आणि मोजायला कोण येणारे? मांडवात माणूस बसवलाय का मोजायला?"

"त्या खोलीत मोजतील! तुला बसवून मोजतील!" पीरोजचा आवाज चढला आणि लगेच दाराकडे बघून पडला. "तेव्हा दाखवता येईल, की साहेब, बावीस आहेत. फूल आहे. आईनं सांगितलं फूल कर, मी केलं."

चनूरला हसू येत होतं आणि रडूही. "बरं," ती शेवटी म्हणाली. "घाल तुझा बाविसावा. पण वाकडा नको दिसायला."

"आणि त्या तिघींच्या मधे उभी राहणार नाहीस. शपथ घे."

"शपथ."

"कुणाची?"

"तुझी. दुसरी कुणाची चालते तुला?"

त्या रात्री जेवणाआधी पीरोजनं जागा नसलेल्या ठिकाणी जागा करून बाविसावा किरण बसवला. तो जरा बारीक झाला. वाकडा नाही.

लग्न नदीपलीकडच्या बागेत होतं. खुर्च्या, तंबू, कलिंगडाच्या फोडी, ढोल आणि सुरनई. वाद्यं सुरू झाली तशी माणसं हातात हात घालून उभी राहिली. बाई, पुरुष, बाई, पुरुष, मधे पुन्हा चार बायका. अशी मोठी अर्धगोल ओळ, आणि उजव्या टोकाला रुमाल फिरवणारा कजालचा भाऊ. पीरोज खुर्चीवर बसली, आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर तिघींना शोधलं. तिरफे लाल, नवऱ्यामुलाच्या काकांशेजारी. शहेन पांढरी, पार पलीकडे. रूनाक हिरवी, अजून कलिंगड खात होती. आणि चनूर ओळीच्या डाव्या टोकाला, शपथेप्रमाणे, सगळ्यांत शेवटी. पीरोजनं श्वास सोडला. शेजारच्या बाईनं पुढं केलेल्या बियाही घेतल्या.

पण नाचाची ओळ म्हणजे कापडाची फळी नव्हे. कुणी दमून सुटतं, कुणी नवा येतो तो आवडत्या माणसाचा हात सोडवून मधे शिरतो. दोन गाण्यांत काका दमले आणि तिरफे सरकली. शहेनला तिचा हात मिळाला. रूनाक कलिंगडाचे हात झग्याला पुसत धावत आली आणि शहेनच्या डावीकडे घुसली. लाल, पांढरा, हिरवा, टोकाकडून ओळीनं. पीरोजच्या तोंडातली बी तशीच राहिली.

मग तिरफेनं मान वळवून हाक मारली, "चनूर! ए मास्तरीण! तिकडं काय शेपूट धरून बसलीयस?"

चनूरनं मान हलवली. नाही. पुन्हा हाक. आता रूनाकही ओरडायला लागली, मग कजालही. नवरीची हाक मोडायची कशी? चनूरनं आईकडे पाहिलं. पीरोजनं दोन्ही डोळ्यांनी नाही म्हटलं. पण तेवढ्यात शहेननं धावत येऊन तिचा हात धरला आणि खेचत नेलं, आपल्याच जागी, आपल्या पांढऱ्या झग्याला चिकटून. गुडघे वाकले, खांदे उसळले, ओळ उजवीकडे सरकली, आणि पिवळ्या झग्यावरचा तो सोनेरी गोल उन्हात असा चमकला की लांबून त्याचे किरण देवालाही मोजता आले नसते.

तंबूच्या कडेला एक माणूस उभा होता. करड्या सदऱ्यातला, कुणाच्याच बाजूचा न वाटणारा. नवरीकडच्यांना तो नवऱ्याकडचा वाटत असेल, नवऱ्याकडच्यांना नवरीकडचा. त्यानं फोन वर धरला होता.

पीरोज उठली. ती नाचण्यातली बाई नव्हती. स्वतःचा भाऊ वारल्यापासून तिनं लग्नात ओळीला हात लावला नव्हता, आणि अंगावर नेहमीचा तपकिरी झगा होता. ती भरभर चालत गेली, चार पावलं तर धावलीच, आणि शहेन व चनूर यांच्या गुंफलेल्या बोटांवर हात ठेवून तिनं ती सोडवली आणि मधे शिरली. रुंद बाई, तिला जागा बरीच लागली. शहेन एका बाजूला ढकलली गेली, चनूर दुसऱ्या. हिरवी रूनाक कुठल्या कुठं गेली.

क्षणभर ओळ अडखळली. मग सगळीकडून बायकांचा आनंदाचा चीत्कार उठला. पीरोज नाचतेय! इतक्या वर्षांनी पीरोज नाचतेय! कजालच्या आईनं खुर्चीवरूनच टाळ्या वाजवल्या. पूरे अस्मर शेजारणीला म्हणाली, "माझी भाची आहे," जसं काही तिला कुणी विचारलं होतं. ढोलवाल्यानं तिच्या मानासाठी ठेका वाढवला. करड्या सदऱ्यातला माणूस फोन घेऊन दोन पावलं पुढं आला, आणि पीरोजनं मान वर करून सरळ त्या फोनात पाहिलं. पाय चुकत होते. पोरीची बोटं तिनं इतकी घट्ट धरली होती की अंगठी रुतत होती.

"दाये," चनूर पुढं बघतच कुजबुजली, "मी टोकाला जाते. खरंच जाते."

"कुठं जायचं नाही."

"अगं, हात दुखतोय."

"दुखू दे."

"मग कधी सोडणार?"

"गाणं संपलं की."

चनूरनं एकदा आईकडे पाहिलं, मग त्या फोनकडे. तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला नाही; उलट आईचा पाय चुकला तेव्हा तिला सावरायला जरा जवळ सरकली. पलीकडून सुरनईवाल्यानं नवा दम घेतला. आमच्याकडे लग्नातलं गाणं लवकर संपत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.