बसलेली बाई

आमच्या घरात "नुसती बसलीये" हे बाईबद्दलचं सर्वांत वाईट बोलणं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी "रोज संध्याकाळी थोडा वेळ नुसत्या बसा" असं सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तो पाहायचा, मन पळालं की परत आणायचं. गोळ्या काय, नंतरही देता येतील, म्हणाल्या.

हसू आलं तरी करणं भाग होतं. ओझरच्या बाजूला ज्या वर्कशॉपमध्ये नवरा कामाला होता, ते बंद पडलं होतं. तो दिवसभर टीव्ही लावून बसायचा आणि कोणी काही विचारलं की अंगावर यायचा. घर माझ्या शाळेच्या नोकरीवर चाललं होतं, आणि शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात थरथरायला लागला होता. मुलांच्या ते लक्षात आलं होतं. नोकरी टिकवायची तर हा हात थांबायला हवा होता.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटला मागे गॅलरी आहे. तिथे वॉशिंग मशीनशेजारी चटई टाकून, दार लोटून मी बसू लागले. सुरुवातीला श्वास कमी आणि शेजाऱ्यांचा कुकरच जास्त ऐकला. मग हळूहळू जमत गेलं. फळ्यावरची अक्षरं पुन्हा सरळ यायला लागली. मी त्या चटईला जपू लागले.

अशात नांदगावहून सासऱ्यांची बहीण राहायला आली. आत्यांचा मान मोठा आणि त्यांचं सोवळं-ओवळं त्याहून मोठं. संध्याकाळी मी गॅलरीतून उठून चहा टाकायला गेले, तर त्या ओरडल्याच, "अगं अगं, तिथंच थांब! तू बसली हाय ना?"

"हो, बसले होते," मी म्हटलं.

"मग ओट्याला कशाला शिवती? काही वाटतं का नाय?"

माझा पेला वेगळा काढून दुरून सरकवला गेला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी श्वास पाहायला बसले होते आणि त्यांनी मला पाळी आलेली म्हणून बाजूला बसवलं होतं. मी खुलासा करणार, तेवढ्यात सासूबाईंनी खूण करून बाहेर बोलावलं. "काही बोलू नकोस," त्या कानात म्हणाल्या. "आत्या आहेत तोवर स्वयंपाकाचं मी बघते. तेवढाच तुला निवांतपणा."

त्या मायेने बोलत होत्या. त्यांनीही आयुष्यभर निवांतपणा असाच मिळवला असणार.

आणि खरंच, त्या संध्याकाळी मला कोणी हाक मारली नाही. मी पुन्हा गॅलरीत जाऊन हवा तेवढा वेळ बसले. बसल्या बसल्या डोकं तापत गेलं. बाईला शांत बसायचं असेल, तर आधी तिचा विटाळ व्हायला हवा? चांगली, धडधाकट, कामावरून दमून आलेली बाई बसली की ती नुसती बसलेली? श्वास राहिला बाजूला, मी दातओठ खात होते. त्या दिवशीचं ध्यान पार वाया गेलं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, गॅलरीतली चटई उचलली आणि हॉलच्या मधोमध टाकली. एका बाजूला नवरा आणि त्याचा टीव्ही, दुसऱ्या बाजूला सोफ्यावर आत्या आणि सासूबाई, समोर देव्हारा.

"अगं, इथं कुठं देवासमोर? बसली हाय ना तू?"

"बसलेय, आत्या. पण बाजूला नाही, मधे बसलेय. मला पाळी कालही नव्हती, आजही नाही. आणि असती तरी इथेच बसले असते."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "मग चहा कोण करणार?"

मी डोळे मिटले. छाती धडधडत होती, श्वास कसला, नुसती धापच होती. पण मांडीवरचा हात स्थिर होता. टीव्हीवरचा माणूस तावातावाने बोलत राहिला, मग मधेच गप्प झाला. पावलं स्वयंपाकघराकडे गेली. लायटर टिकटिकला, पेटला नाही, पुन्हा टिकटिकला. सासूबाईंच्या हातून तो पहिल्या फटक्यात पेटतो.

"साखर कुठे असते?" आतून नवऱ्याने विचारलं.

मी डोळे उघडले नाहीत.