शून्य घात

चिकपेटमधल्या एका घाऊक दुकानात मी चौदा वर्षं साड्यांच्या घड्या घालते आहे. लग्न ठरताना माहेरच्यांनी मुलगी दहावी पास आहे असं सांगितलं. मी गणितात दोनदा नापास झाले होते. खोटं त्यांचं, पण पुढं ते सांभाळलं मी, आणि तेही तोऱ्यात.

माझी मुलगी आठवीत गेली. घातांकांच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, फाइव्ह टू द पॉवर झिरो किती गं?"

"शून्य. पाच एकदाही घेतलाच नाही, तर उरणार काय?" येत नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पेपर घरी आला तेव्हा त्या उत्तरापाशी खाडाखोड दिसली. तिनं आधी 'एक' हे उत्तर लिहिलं होतं आणि तेच बरोबर होतं. "तू सांगितलेलं आठवलं, म्हणून खोडलं," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानात साडी मधोमध दुमडली. दोन थर. पुन्हा दुमडली, चार. तिसऱ्यांदा, आठ. मग उलट उलगडत गेले: चार, दोन, एक. एकही घडी नाही, तरी साडीचा एक थर समोर होताच. दर वेळी पाचपदरी दुमडली असती, तरी घडी घालण्याआधी तो एकच असता. मी तशीच उभी राहिले. "एनायतु, अक्का?" काय झालं म्हणून मालकांनी कानडीत विचारलं. काही झालं नाही म्हटलं.

घरी ओढणी घेऊन मुलीला दाखवलं. तिला लगेच पटलं. "तुला शाळेत असंच शिकवलं होतं?"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. "नाही. मी दहावी नापास आहे. गणितातच."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

तिच्या बाबांना मी दोन दिवसांनी सांगितलं. ते जेवता जेवता थांबले, मग पुन्हा जेवू लागले. मुलीनं मात्र महिनाभर मला अभ्यासातलं काही विचारलं नाही. ते फार लागलं.

पुढच्या चाचणीआधी ती वही घेऊन आली. "हे मायनस पॉवरचं बघ. पण येत नसेल तर येत नाही म्हण."

मी दोनदा वाचलं. "येत नाही," म्हटलं.

ती सरकून बसली आणि तिनं मला शेजारी जागा करून दिली.