तळहातावरची नागीण

"पत्रिका बघितली गो, हात बघायचे राह्यले," काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, आईंना सांगत होत्या. "आता ते फोड घरभर लागले म्हंजे?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी मोरीच्या दाराआड होते, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन दोन महिने झाले होते. बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे पाण्याचे फोड उठले होते आणि खाज अशी, की बोलणं सुचू नये. मी तशीही फार बोलत नाही, त्यामुळे धसईतल्या या घरात तो फरक कुणाला कळला नाही. पण त्या फोडांचे इतके किस्से जमलेत, की माहेरी फोन केला की आधी हातांची चौकशी होते, मग जावयाची.

*

काकींचं निदान होतं, नागीण. तिचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस गेलं! आईंनी गेरू उगाळून माझ्या दोन्ही हातांना फासला आणि रोज चहाआधी एकेक बोट धरून तोंड कुठवर आलंय ते बघू लागल्या.

चौथ्या दिवशी म्हणाल्या, "हिला तोंडच नाय गो. तुझ्यासारखीच हाय."

*

मुरबाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा एक्झिमा, कुणाला लागत नाही. फोड फोडायचे नाहीत, मलम लावायचं, साबण आणि भांड्यांपासून हात लांब ठेवायचे.

काकींना हे सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातचा चहा नको म्हणाल्या.

*

यांनी सुती पांढरे हातमोजे आणले. ते घालून मी ओटीवर तांदूळ निवडत होते, तर शेजारची आजी मोजे बघून मला नर्सच समजली, समोर येऊन बसली आणि हात पुढे केला. "बीपी बघ गो माझा."

मी तिचा हात नुसता धरून ठेवला. दहा मिनिटं ती सुनेबद्दल बोलली. मग उठत म्हणाली, "उतरला बघ."

*

महिनाभर पुरायची मलमाची ट्यूब आठवड्यात संपली. मला वाटलं, मीच फार लावते.

रविवारी सगळे चहाला बसले होते. आईंनी कप पुढे केला आणि काकींनी त्यांचं मनगटच धरलं. बोटांच्या कडेला तेच फोड. "बघ, लागलं! सुनेचं सासूला लागलं."

मामंजींनी पेपर खाली ठेवला. हे माझ्याकडे बघेनात.

आईंनी हात सोडवून घेतला. "वीस वरसं हायत ते. भांडी घासून येतात नि जातात. कुणी इचारलं नाय, मी सांगितलं नाय. हिचंच मलम चोरून लावते मी."

मामंजींनी चहा संपवला आणि कप तिथंच खाली ठेवला.

"मामंजी," मी म्हटलं, "तो कप विसळून ठेवा. आणि उद्यापासून भांडी तुम्ही आणि हे."