सकपाळ हवालदारांची दुनळी

संध्याकाळी सात ते साडेसात या वेळात सकपाळ हवालदारांची बेल वाजवली की आतून एकच वाक्य यायचं, "थांबा. कपाट उघडं हाय." मग कुलूप लागल्याचा आवाज, मग ते दोनदा ओढून पाहिल्याचा आवाज, आणि मग दार. बेल वाजवणारा दूधवाला असो, त्यांचा सख्खा मेहुणा असो, नाहीतर सोसायटीचे चेअरमन, वाक्य बदललं नाही.

मी पहिल्यांदा ते ऐकलं ते हातात वाटी घेऊन, विरजण मागायला गेले होते तेव्हा. आम्ही गिरगावातून भाईंदर पूर्वेला राहायला येऊन चार दिवस झाले होते. मी एकोणचाळीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि दक्षिण मुंबईतून आल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा समजात वावरणारी. बंद दाराबाहेर उभ्या उभ्या मी त्या कपाटात चाळीस तोळे सोनं भरून टाकलं. दार उघडलं तेव्हा समोर गंजीफ्रॉक, खाकी पँट आणि कोरलेल्या मिशा. विरजण घेऊन मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, "समोरचा माणूस स्मगलर आहे." हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बँकेचा गार्ड आहे तो. बंदूक ठेवतो कपाटात." सोन्यापेक्षा मला बंदुकीने जास्त आनंद झाला, हे आता कबूल करायला हरकत नाही. गिरगावातल्या मैत्रिणींना सांगण्यासारखं भाईंदरमध्ये तोवर काहीच सापडलं नव्हतं.

हवालदार महाडजवळच्या एका गावचे. फौजेतून निवृत्त होऊन जवळच्याच हाटकेश भागातल्या एका बँकेच्या शाखेवर लागले होते. त्या नोकरीची अट अशी, की गार्डकडे स्वतःची बंदूक हवी आणि स्वतःच्या नावाचा परवाना हवा. म्हणजे परवाना आहे तर नोकरी, आणि नोकरी आहे तर ती वन रूम किचनची जागा, बायको सुमन, दोन मुलींच्या शाळा. सगळं घर त्या एका छोट्या पुस्तिकेवर उभं होतं. हवालदार ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे.

बंदूक दुनळी. कामावर जाता-येता ती गवसणीत असायची. घरी आली की नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघून ती लोखंडी कपाटात जायची, आणि ते कपाट भिंतीत बोल्ट मारून पक्कं केलेलं होतं. काडतुसं मात्र तिथे नाहीत. ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर एका छोट्या लोखंडी पेटीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या हवालदारांच्या करदोड्याला. सुमन म्हणायची, "ताई, आंघोळीला जाताना माणूस घड्याळ काढतो, अंगठी काढतो. हे किल्ल्यांसकट न्हातात. गंज चढतो, मग त्यांनाच तेल लावत बसतात. माझ्या केसांना कधी लावलं नाही तेल."

माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना विचारलं, "अहो, बंदूक इथे आणि गोळ्या तिथे, चोर आला तर तुम्ही काय करणार? त्याला पाणी देऊन बसवणार का?"

"आजी, चोर वर्षात एकदा येतो की नाय. पोरी रोज घरात असतात," हवालदार म्हणाले. "बंदूक आणि काडतूस म्हणजे सासू आणि सून. एका कपाटात कोंडली की आज नाय तर उद्या आवाज होणारच. नियमच हाय तसा. आणि परवाना माझ्या नावाचा. बायकोच्या नाय, पोरींच्या नाय. मी सोडून कोणाच्या हाताला लागलं, तर हात लावणारा पण गुन्हेगार आणि मी पण."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. या भाषणातलं सासू-सुनेचं तेवढं माझ्या लक्षात राहिलं. शेवटचं वाक्य राहायला हवं होतं.

निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. बाकीचे कुरकुरत जायचे. हवालदार मात्र इस्त्रीचे कपडे घालून जायचे आणि पावती घेऊन यायचे. "माहेरी सोडून आलो तिला," म्हणायचे, आणि तेवढे दिवस त्यांच्या दाराची बेल वाजवली की दार लगेच उघडायचं. मला ते फार विचित्र वाटायचं, जसं काही घरात कोणी नाहीच.

आम्हाला तिथे दोन वर्षं झाली असतील. मे महिन्यात सुमनची बहीण चार मुलांना घेऊन नात्यातल्या एका लग्नासाठी आली. हवालदार दुनळी आणि कमरेच्या पट्ट्यातली काडतुसं घेऊन ड्यूटीवर गेलेले. बाकीची काडतुसं पेटीत. ती चार मुलं माळ्यावरच्या गाद्या ओढायला लागली आणि सुमनचा जीव खालीवर व्हायला लागला. ती पेटी पदराखाली झाकून माझ्या दारात आली. "ताई, काय करू? कुलूप आहे, पण ही पोरं पेटीचा घोडा करतील."

आणि इथे माझी अक्कल पुढे झाली. मी म्हणाले, "अगं, हवालदारच सांगतात ना, सासू-सून वेगळ्या पाहिजेत. मग वेगळं बिऱ्हाडच करून टाकू. ठेव माझ्याकडे." पेटी घेतली, आणि आमच्या घरात जिथे कोणाचा हात जात नाही अशी जागा शोधली. ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरच्या मागे. मग शांतपणे वरण फोडणीला टाकलं.

संध्याकाळी हवालदार आले. सुमनने त्यांना सांगितलं असणार, कारण ते गणवेशातच आमच्याकडे आले. मी मोठ्या अभिमानाने ओट्याकडे बोट केलं. त्यांनी वाकून बघितलं. आधी शेगडी बंद केली, मग सिलिंडर, मग खिडकी उघडली आणि मग पेटी बाहेर काढली. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग विचारलं, "ताई, तुमच्याकडे परवाना हाय का?"

"रेशन कार्ड आहे," मी म्हणाले. विनोद केला होता मी.

"सकाळी नऊपासून ही माझ्या ताब्यात नव्हती," ते म्हणाले. "तुमच्याकडे होती. उद्या ठाण्यात जाऊन सांगावं लागंल."

मला हसू फुटलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते विझलं. "अहो, पेटी सापडली, कुलूप जसंच्या तसं आहे. कोणाला काय कळतंय?"

"कोणी बघतंय म्हणून आपण कुलूप लावत नाय, ताई."

थोड्या वेळाने ते रेघी कागद आणि पेन घेऊन परत आले. त्यांचं अक्षर सरकारी कागदाला चालण्यासारखं नव्हतं आणि माझं अक्षर सुंदर, त्यामुळे सोसायटीचे सगळे अर्ज मीच लिहायचे. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पेटी किती वाजता घरातून गेली, किती वाजता परत आली. पेटीला कुलूप होतं, पण पेटी भिंतीला बांधलेली नव्हती, ही अर्जदाराची चूक. मग ते थांबले. "कोणाकडे होती ते लिहायला लागतं. पण नाव तुमचं हाय. लिहायचं का नाय ते तुम्ही ठरवा."

मी लिहिलं, "शेजाऱ्यांकडे." सुंदर अक्षरात. त्यांनी न वाचता खाली सही केली.

ठाण्यात साहेबांनी साहजिकच विचारलं, कोण शेजारी? हवालदार म्हणाले, "साहेब, पेटी माझी, ताबा माझा, चूक माझी." नाव सांगितलं नाही म्हणून साहेबांना वेगळाच संशय आला. त्यांनी दुनळी, काडतुसं आणि परवाना ठेवून घेतला. चौकशी पुरी होईपर्यंत परत मिळणार नाही, आणि नाव सांगितल्याशिवाय चौकशी पुरी होणार नाही. बंदूक नाही म्हणून बँकेने घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी हवालदार बाजूच्या बिल्डिंगच्या गेटवर हातात काठी घेऊन उभे राहिले, अर्ध्या पगारावर. मी भाजीला निघाले की नेहमीसारखं विचारायचे, "ताई, पाणी आलं का आज?" टोमणा नाही, रुसवा नाही. टोमणा मारला असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

त्या काळातल्या मला आज भेटता आलं तर मी तिचा कान धरीन. ती रोज नवं कारण शोधायची. आपल्यावर केस झाली तर ह्यांच्या ऑफिसात काय म्हणतील, मुलाच्या कॉलेजात काय म्हणतील. दोनदा सुमनकडे डाळीचे लाडू नेऊन दिले. लाडवांनी परवाना मिळत असल्यासारखे. सुमनने दुसऱ्या वेळी डबा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, काल परत बोलावलं होतं ह्यांना ठाण्यात. परत नाव विचारलं. परत गप्प राहिले. मोठीची फी भरायची आहे जूनला."

त्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "नाव का नाही लिहिलंस गं तू?"

"राहून गेलं, आई."

"मग जाऊन लिहून ये. हात धड आहेत अजून."

अकराव्या दिवशी मी गेले. गेटवरून हवालदारांना सोबत घेतलं. साहेबांनी माझा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"पेटी कुठे ठेवली होती?"

"ओट्याखाली."

"ओट्याखाली कुठे?"

"सिलिंडरच्या मागे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "शिकलेल्या दिसताय."

"बी.ए."

"विषय?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते. "तर्कशास्त्र."

कोपऱ्यातला हवालदार तोंड फिरवून खोकायला लागला. आमच्या हवालदारांच्या मिशाही हलल्या, पण ते जमिनीकडे बघत होते. साहेबांनी मला अर्धा तास झापलं. विनापरवाना काडतुसं बाळगली तर काय होतं ते कलमांसकट समजावलं, लेखी ताकीद दिली, आणि हवालदारांना सांगितलं की पेटी भिंतीत पक्की करा, माणूस येऊन बघून जाईल, मग कागद वर पाठवतो.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अकरा दिवस लावले मी. रागावला असाल."

"नाय," ते म्हणाले. मग बरंच चालल्यावर म्हणाले, "फौजेत नवा होतो तेव्हा माझा एक राऊंड, म्हणजे काडतूस, हरवला. हिशेब लागंना. शिक्षा दुसऱ्या पोराला झाली. मी उद्या सांगतो, उद्या सांगतो करत एकोणीस दिवस काढले. सांगायला गेलो तर त्याची बदली होऊन गेलेली. माफी मागायला माणूसच नाय उरला. तुम्ही वेळेत आलात."

त्याच दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "हवालदारसाब, घर में लॉकर बना रहे हो क्या?" हवालदार म्हणाले, "हां. पहले एक बोल्ट कम लगाया था." पेटी भिंतीला बसली. पोलीस येऊन हलवून बघून गेला. अडीच महिन्यांनी परवाना, दुनळी आणि नोकरी परत आली. पुढे बऱ्याच वर्षांनी नियम बदलले, घरात शस्त्र सुरक्षित कसं ठेवणार ते लेखी द्यावं लागायला लागलं. हवालदार तो फॉर्म मला दाखवायला मुद्दाम आले. "बघा ताई, तुमच्या सिलिंडरमुळे सरकारला जाग आली." इतकी वर्षं दाबून ठेवलेला तेवढा एकच टोमणा.

बँकेतून निवृत्त झाल्यावरही दुनळी घरात होती. रोज संध्याकाळी तिची साफसफाई चालायची. मग दोन वर्षांपूर्वी एके सकाळी ते आमच्याकडे आले, इस्त्रीचे कपडे, खांद्याला गवसणी. म्हणाले, "ताई, ठाण्यापर्यंत येता का? सुमनचे गुडघे दुखतात." मी म्हणाले, "निवडणूक आहे का?"

"नाय. काल कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. सकाळी बघितलं तर उघडं."

"नात आलीय का?"

"नाय. घरात दोघंच होतो. काय झालं नाय. पण राहिलं ते राहिलं."

ठाण्यातला मुलगा जेमतेम तिशीचा. कागद बघून म्हणाला, "बाबा, परवाना अजून दोन वर्षं चालू आहे. कशाला जमा करताय? राहू दे की आठवण म्हणून."

"आठवणीला कुलूप लागत नाय, साहेब. हिला लागतं," हवालदार म्हणाले, आणि गवसणीचा बंद सोडून नळ्या उघडून रिकाम्या असल्याचं त्याला दोनदा दाखवलं. कायमचीच जमा करतोय, परत मागणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी ते गेले. परवानाधारक वारला की घरच्यांना शस्त्र घेऊन पोलिसांकडे धावावं लागतं, कागद, जबाब, फेऱ्या. सुमनला यातलं काहीच करावं लागलं नाही. तेरा दिवस ती घरी बसून नीट रडू शकली.

मला मात्र त्या सकाळचा परतीचा रस्ता आठवतो. स्टेशनच्या बाजूला भाजीवाल्यांची गर्दी होती. लोक त्यांना घासून जात होते, धक्के मारत होते. हवालदारांच्या खांद्यावर काही नव्हतं. तरी प्रत्येक माणसाच्या बाजूने जाताना ते उजवा खांदा मागे घेत होते, कोणाला नळी लागू नये म्हणून.