आधी पाणी

ओरलच्या सरावात वनिता पुन्हा गप्प बसली. एक मिनिट झालं, दोन झाली. मी घड्याळाकडे बघत होते आणि माझा पारा चढत होता.

मी नाशिकच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना फ्रेंच शिकवायचे. आमच्या ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन भाग असत. आधी परीक्षक विचारणार, विद्यार्थी उत्तर देणार. मग उलटं. विद्यार्थ्याने परीक्षकाला प्रश्न विचारून त्याची माहिती काढायची: कुठले, काय करता, घरी कोण कोण. वनिता खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरची. पहिला भाग ती उत्तम करायची. दुसऱ्यात तोंडाला कुलूप. मी वीस प्रश्न लिहून दिले, ते तिने घडाघडा पाठ म्हणून दाखवले. पण समोर माणूस बसला की त्यातला एकही बाहेर निघेना. या भागापायी ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर वर्ष गेलं असतं, आणि त्याबरोबर हॉस्टेलची जागाही.

"घाबरतेस का?"

"नाही, मॅडम."

"मग विचारत का नाहीस?"

"असं विचारणं बरं नाही वाटत."

मी चिडले. बोलू नये ते बोलले. दुसऱ्या दिवशी वनिता घरी निघून गेली.

परीक्षा आठ दिवसांवर आलेली. चूक माझी होती, म्हणून मीच गाडी काढली. तिच्या अंगणात नागली, म्हणजे नाचणी, वाळत घातली होती. वडिलांनी खाट टाकली, आईने पाण्याचा तांब्या आणला. मी शहाणी. "नको, माझी बाटली आहे," म्हणाले. आईने तांब्या खाली ठेवला आणि सगळे बसले. कोण, कुठून, कशाला, कोणी काही विचारेना. मीच बोलत राहिले, ते मान हलवत राहिले. माझ्यावर राग असणार, असं मी धरून चालले.

शेवटी वनिता हळूच म्हणाली, "मॅडम, पाणी घ्या ना."

घेतलं. तांब्या खाली ठेवते न ठेवते तोच वडिलांनी सुरुवात केली. "कठून आल्या, बाई? पोरां किती? ही शिकते ती भाषा बोलतात त्या मुलखात भात पिकतो का?" आईचेही प्रश्न सुरू झाले. आणि त्या गलक्यात वनिताने विचारलं, "मॅडम, तुम्ही फ्रेंचच का घेतलं?" तीन वर्षांतला तिचा मला पहिला प्रश्न.

"मघाशी का नाही विचारलंत?" मी वडिलांना म्हटलं.

"पानी न देता इचारला तं पाव्हन्याला वाटंल, ही मानसां चौकशीला बसलीत," ते म्हणाले. "आधी पानी. मंग इचारायचा."

मला माझीच लाज वाटली. वनिताची तिथेच माफी मागितली. ती आत जाऊन पिशवी भरून आली.

परीक्षेच्या दिवशी मी टेबलावर तांब्या-भांडं ठेवलं. पाण्याला मनाई नाही, हे नियमांत आधी वाचून घेतलं होतं. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक कडक गृहस्थ होते. दुसरा भाग सुरू झाला. वनिताने भांडं भरून पुढे केलं.

"नको," ते फ्रेंचमध्ये म्हणाले आणि भांडं बाजूला सारलं.

वेळ बघायला मी शेजारीच बसले होते, पण मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. वनिताने ते भांडं पुन्हा पुढे केलं आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "सर, घोटभर तरी घ्या. आमच्याकडे त्याशिवाय पाहुण्याला काही विचारत नाहीत."

हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतं.

सर प्यायले. मग ती कुठली थांबते. गाव कुठलं, आई कुठे असते, गावी भात होतो का. वेळ संपल्याची घंटा मी वाजवली, तरी सर आईबद्दलच सांगत होते.

वनिता पास झाली, पुढे तिने फ्रेंचमध्येच एम.ए. केलं. प्रश्न कसा करायचा हे मी पंचवीस वर्षं शिकवलं. तो कधी करायचा, हे मला खोडाळ्याला जाऊन कळलं. आता कोणाच्याही घरी गेले की माझी बाटली गाडीतच राहते.