पान्याला ‘च’ कळला

बस डेपोतल्या त्या मेकॅनिकला सगळे ‘पाना’ म्हणायचे. बंद पडलेल्या इंजिनाला नुसता कान लावून तो त्याची खोड सांगायचा, पण पुढ्यात कागद आला की गडी आडवा. फोरमनच्या परीक्षेत तर्काचा पेपर असतो. मागच्या खेपेला तिथंच तो सपशेल आपटला होता.

यंदा मात्र पास होणं भाग होतं. डेपोला लागून सीटची कव्हरं शिवून देणारं दुकान होतं. मालकीण सगळ्यांची आत्या, आणि तिच्या हाताशी तिची भाची. पान्याचा जीव त्या भाचीवर जडलेला. छातीचा कोट करून त्यानं आत्याकडे विषय काढला, तेव्हा तोंडातल्या टाचण्याही न काढता ती म्हणाली होती, “फोरमन झालास तरच हे लग्न होईल.”

पाना हवेत! फोरमन झालो की बार उडाला, असं धरून तो अभ्यासाला बसला.

भाचीनं पूर्वी कारकुनाच्या परीक्षेसाठी असले प्रश्न घोटले होते. नोकरी हुकली, पण तर्क डोक्यात राहिला. जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या पायरीवर तीच त्याला शिकवायची.

“वाच,” ती म्हणाली.

“बॅटरीत दम असेल तरच गाडी सुरू होते. गाडी सुरू झाली नाही. तर नक्की काय म्हणता येईल?” पाना हसला. “सोपंय. बॅटरी उतरली.”

“चूक.”

“चूक कशी? रोज सकाळी तेच तर असतं!”

“डेपोतलं डेपोत ठेव. टाकीत डिझेलच नसेल तर?”

“मग कशी सुरू होईल?”

“आणि स्टार्टर जळला असेल तर?”

पाना डोकं खाजवायला लागला.

“बॅटरी आवश्यक आहे, पुरेशी नाही,” ती म्हणाली. “तिच्यावाचून अडतं, पण ती असली म्हणून भागतंच असं नाही. तो ‘च’ बघ. ‘दम असेल तर सुरू होते’ असं असतं, तर एकट्या बॅटरीवर भागलं असतं. ‘तरच’ म्हणणारा एक अट सांगतो. बाकीच्या त्याच्या पोटात असू शकतात.”

पान्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात त्याला आत्या दिसली. तो उठला तो थेट तिच्या टेबलापाशी.

“आत्या, त्या दिवशी तुम्ही ‘तर’ म्हणालात की ‘तरच’?”

“तरच. का रे?”

“म्हणजे फोरमन झालो तरी लग्न होईलच असं नाही?”

“मुळीच नाही!” आत्या कापडावर कात्री चालवत म्हणाली. “मी कुठं शब्द दिलाय?”

“मग पुरेसं काय, ते तरी सांगा. काय झालं की बाकी काहीच लागणार नाही?”

“तिचं हो म्हणणं! तिला विचारलंस कधी? सारखी माझ्याच कानाशी भुणभुण.”

पान्यानं मान वळवली. भाची मागोमाग आत येऊन बॉबिनमध्ये दोरा भरत होती.

“खरंच नाही विचारलंस,” ती म्हणाली. “बॅटरीचं विचारलंस, स्टार्टरचं विचारलंस.”

“मग आता विचारतो. करशील लग्न?”

“करीन की. पण आत्या आपल्यातच राहणार.”

“राहू देत. मला बोलणी खायची सवय आहे.” तो परत वळला. “आत्या, ती हो म्हणाली. पुरेसं ना?”

“हो रे बाबा, पुरेसं.”

“मग परीक्षेची अट गेली.”

“ती कशी गेली?”

“तिच्या होकारावर भागतंय, तर परीक्षेवाचून अडत नाही. आणि परीक्षेवाचून अडतच असेल, तर होकार पुरेसा नव्हता. दोन्ही एकदम कसं चालेल? एक काहीतरी मागं घ्या.”

आत्याची कात्री कापडातच थांबली. “याला हे कुणी शिकवलं?”

भाचीनं खाली मान घालून मशीन भरधाव सोडलं.

“घेतली परीक्षा मागं,” आत्या अखेर फणकारली. “पण देणार आहेस ना, मेल्या?”

“देणार तर! एवढं डोकं झिजवलंय.”

लग्न निकालाच्या आधीच उरकलं. निकाल लागला तेव्हा तर्कात पाना डेपोत पहिला आणि इंजिनाच्या पेपरात नापास. बिघाड ओळखा, म्हणून जेवढे प्रश्न होते, त्या सगळ्यांखाली त्यानं एकच उत्तर लिहिलं होतं: गाडी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.